बिनमालकाची तिजोरी : मोनेरोच्या लोकवर्गणीची वाटचाल

एप्रिल २०१४ हा महिना ओपन सोर्सवाल्यांच्या लक्षात राहिला तो ‘हार्टब्लीड’मुळे. ७ तारखेला हा दोष जाहीर झाला आणि पाठोपाठ आणखी एक गोष्ट उघडी पडली. हा दोष ज्यात होता आणि असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्यावर विसंबून होती, ते ओपनएसएसएल हे मोफत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मूठभर मंडळींना वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या जेमतेम दोन हजार डॉलर. बँका वापरत होत्या, दुकानं वापरत होती, सरकारं वापरत होती; पैशांचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचीच दातखीळ बसत होती. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या आणि लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने एक निधी उभा राहिला.

त्याच महिन्यात, १८ तारखेला, बिटमोनेरो नावाचं एक डिजिटल चलन सुरू झालं. ‘क्रिप्टोनोट’ या पद्धतीवर बेतलेलं. पैसे कुणी दिले आणि कुणाला दिले हे तिऱ्हाइताला कळू नये, एवढाच त्याचा ध्यास. सुरू करणारा इसम टोपणनावाने वावरत होता आणि वापरणाऱ्यांशी त्याचं काही दिवसांतच बिनसलं. मंडळींनी त्याचा कोड उचलला, नावातला ‘बिट’ गाळला आणि स्वतःचा संसार थाटला. सात जणांचं गाभ्यातलं पथक झालं. त्यातले पाच जण टोपणनावीच होते. उघड नावाने वावरणाऱ्यांत दक्षिण आफ्रिकेचा रिकार्डो स्पाग्नी होता. त्यालाही सगळे ‘फ्लफीपोनी’ म्हणूनच ओळखत.

या लेखाचा विषय मोनेरोचा भाव नाही. हे चलन चांगलं की वाईट, हाही नाही. खंडणीखोर टोळ्यांना आणि इंटरनेटच्या काळ्या बाजाराला ते प्रिय आहे हे खरं. पगार आणि औषधांची बिलं जगजाहीर होऊ नयेत असं वाटणाऱ्या सरळमार्गी माणसांनाही ते प्रिय आहे, हेही तितकंच खरं. विषय आहे तो त्यांच्या वर्गणीचा. कंपनी नाही, मालक नाही, नोंदणीकृत संस्था नाही, अशा एका प्रकल्पाने प्रोग्रामर आणि गणितज्ञांचे पगार वर्षानुवर्षं लोकांकडून कसे उभे केले, त्यात कुठे जमलं, कुठे फसलं आणि एका रात्री तिजोरी रिकामी झाल्यावर काय झालं, त्याची ही हकिकत.

पहिला प्रश्न अर्थातच खर्चाचा. नवं क्रिप्टो चलन काढणारे सहसा स्वतःची सोय आधी करून ठेवतात. झीकॅश २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिली चार वर्षं नव्याने निघणाऱ्या नाण्यांतला २० टक्के हिस्सा संस्थापक, गुंतवणूकदार आणि विकासकांसाठी बाजूला काढला जात होता. डॅशमध्ये तेव्हा दर ब्लॉकच्या बक्षिसातला १० टक्के वाटा सामाईक खजिन्यात जात होता आणि जाळ्यातले संगणक चालवणारे मोठे नोडधारक मतदान करून तो वाटत. दोन्ही व्यवस्थांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे; निदान महिन्याचा पगार तरी ठरलेला. मोनेरोवाल्यांनी यातलं काहीच ठेवलं नाही. आधी काढून ठेवलेली नाणी नाहीत, संस्थापकांचा हिस्सा नाही, सुरुवातीची विक्री नाही. निघेल ते सगळं खाणकाम करणाऱ्याचं, म्हणजे संगणक राबवून नवी नाणी काढणाऱ्याचं. तत्त्व म्हणून हे देखणं आहे, पण तत्त्वावर घरभाडं भागत नाही. सुरुवातीला सर्व्हरचा खर्च गाभ्यातल्या लोकांनी पदरचा केला, काम फावल्या वेळात झालं. पण गुप्ततेचं गणित फावल्या वेळात होणारं नव्हतं.

यातून उभी राहिली ‘फोरम फंडिंग सिस्टिम’. प्रकल्पाच्या चर्चेच्या जागेतच तिला एक कोपरा मिळाला. ज्याला काम करायचं आहे त्याने काय करणार, किती दिवसांत आणि किती मोनेरोत, ते लिहायचं. लोकांनी उलटतपासणी घ्यायची. पटलं तर प्रस्ताव वर्गणीच्या रांगेत जायचा आणि ज्याला वाटेल तो त्यात पैसे टाकायचा. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीसारखंच हे, फरक इतकाच की इथे पावती नाही, देणाऱ्याचं नाव नाही आणि कार्यकर्त्यालाही लोक टोपणनावानेच ओळखतात.

या व्यवस्थेतला खरा शहाणपणा एकाच नियमात होता : जमलेले पैसे काम करणाऱ्याच्या हाती आधी द्यायचे नाहीत. ते प्रकल्पाच्या वॉलेटमध्ये राहतील. कामाचे टप्पे पाडायचे, टप्पा पुरा झाला की त्याने दाखवायचं, लोकांनी तपासायचं आणि मग त्या टप्प्याचे पैसे सुटायचे. परदेशी क्राउडफंडिंगच्या बाजारात आधी पैसे घेऊन वस्तू कधीच न देणाऱ्यांच्या कहाण्या तेव्हा भरपूर होत्या. इथे मंडळींनी पैशाला लगाम घातला. पण लगाम घातला म्हणजे तो कुणाच्या तरी हातात राहणार, हेही ओघाने आलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

२०१७ पासून या वर्गणीतून दोन गणितज्ञ पोसले गेले, सारंग नोथर आणि सुरे नोथर. दोन्ही नावं टोपणच. ‘सारंग’ वाचून मराठी वाचकाने कान टवकारले तर नवल नाही, पण त्यावरून काही निष्कर्ष काढू नये. मोनेरो रिसर्च लॅब या प्रकल्पाच्या संशोधन गटात ‘नोथर’ हे आडनाव जणू घराण्यासारखं वापरलं जायचं. हे दोघे काही महिन्यांच्या मुदतीचा प्रस्ताव टाकत, मुदत संपत आली की केलेल्या कामाचा अहवाल देत आणि पुढच्या मुदतीसाठी पुन्हा पदर पसरत. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने दर काही महिन्यांनी चारचौघांसमोर स्वतःच्या पगाराचं समर्थन करायचं, ही गोष्ट मानी माणसाला जड जाणारी आहे. विद्यापीठातला प्राध्यापक हे सहन करेल का, याची मला शंका आहे.

या पैशातून काय झालं ते बघायचं तर ‘बुलेटप्रूफ्स’चं उदाहरण घ्यावं. मोनेरोत व्यवहाराची रक्कम झाकलेली असते. झाकलेली रक्कम ऋण नाही याची खात्री जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला पटली पाहिजे, नाहीतर कुणीही हवेतून नाणी काढेल. रक्कम न दाखवता ही खात्री देणारा जो गणिती पुरावा २०१७ मध्ये वापरात होता, तो अगडबंब होता. दोन ठिकाणी पैसे जाणारा साधा व्यवहार सुमारे १३ किलोबाइटचा व्हायचा. त्याच वर्षाच्या अखेरीस बेनेडिक्ट ब्यूंझ आणि सहकाऱ्यांनी बुलेटप्रूफ्स हा आटोपशीर पुरावा मांडला. सारंगने तो मोनेरोच्या चौकटीत बसवण्यासाठी नमुना लिहिला, ‘मोनेरोमू’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने प्रत्यक्ष वापराचा कोड लिहिला. हा मोनेरोमूही वर्गणीवरच काम करत होता.

कोड तयार झाला तरी तो लगेच लावता येत नाही. चूक राहिली तर खोटी नाणी निघतील आणि रक्कम झाकलेली असल्याने ती कुणाला दिसणारही नाहीत. म्हणून बाहेरच्यांकडून तपासणी हवी होती आणि अशी तपासणी महाग असते. त्यासाठी वेगळी वर्गणी निघाली. ओपन सोर्सच्या तपासण्या जुळवून आणणारी ओएसटीआयएफ ही अमेरिकी संस्था मध्यस्थ झाली. फ्रान्सची क्वार्क्सलॅब, स्वित्झर्लंडची कुडेल्स्की आणि खुद्द ब्यूंझ अशा तिघांनी कोड वेगवेगळा तपासला. ऑक्टोबर २०१८ मध्ये जाळं अद्ययावत झालं आणि तेरा किलोबाइटचा व्यवहार अडीचवर आला. आकार जवळपास ८० टक्क्यांनी घटला, त्याबरोबर शुल्कही कोसळलं. लोकांनी नाण्यानाण्याने जमवलेल्या पैशातून संशोधन, कोड आणि तपासणी असं तिन्ही झालं. सरकारी अनुदानाच्या फायली हललेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वेगाचं मोल कळेल.

वर्गणी मागणाऱ्यांना त्याच वर्षी दुसराही धडा मिळाला. प्रस्तावातली रक्कम मोनेरोत असते, घरभाडं मात्र डॉलर नाहीतर युरोत. जानेवारी २०१८ मध्ये एका मोनेरोला चारशे डॉलरच्या वर भाव होता, वर्ष संपताना तो पन्नासच्या आसपास आला. टप्प्याचे पैसे काम झाल्यावर मिळणार, म्हणजे काम करणारा तोवर भावाच्या हेलकाव्यावर स्वार. भाव चढला की तोच माणूस ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त घेऊन जाणार आणि देणारे कुरकुरणार. यावर नामी उपाय कुणालाच सापडलेला नाही. काही जण मागच्या काही दिवसांच्या सरासरी भावाने रक्कम काढू लागले, काही टप्पे लहान पाडू लागले, काहींनी मागणीतच थोडा वाढावा धरला. माझ्या मते यात टप्पे लहान पाडणारे सगळ्यांत शहाणे.

सगळंच जमलं असं नाही. ‘कोव्री’चा बराच गाजावाजा झाला होता. व्यवहार कुठल्या संगणकावरून निघाला ते लपवण्यासाठी आय२पी या जाळ्याचा स्वतंत्र राउटर लिहायचा, असा बेत. वर्गणी झाली, वर्षं गेली, कोड साचत राहिला. पण कोव्री मोनेरोत कधी बसलाच नाही. पुढे टॉर आणि आय२पीची सोय दुसऱ्या, साध्या मार्गाने करण्यात आली. कोव्रीत कुणी पैसे खाल्ले असं म्हणायला आधार नाही. काम होतंही होतं, पण ते कधी ‘झालं’ म्हणायचं, हेच नीट ठरलेलं नव्हतं. त्या मानाने ‘मास्टरिंग मोनेरो’ या पुस्तकाचं सोपं होतं. वर्गणी झाली, पुस्तक लिहिलं गेलं, ते मोफत वाचायला ठेवलं, विषय संपला.

२०१९ च्या सुरुवातीला जुनी पद्धत मोडून ‘कम्युनिटी क्राउडफंडिंग सिस्टिम’, म्हणजे सीसीएस, सुरू झाली. वरवर पाहता फक्त जागा बदलली. चर्चेच्या धाग्यांतून प्रस्ताव उठले आणि प्रोग्रामर ज्यात कोड ठेवतात त्या गिटलॅबच्या भांडारात गेले. पण यातच खरी सुधारणा होती, म्हणून ती जरा जवळून पाहू.

सीसीएसमधला प्रस्ताव म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. वरच्या भागात काही ठरावीक ओळी असतात : शीर्षक, लेखकाचं नाव, तारीख, एकूण रक्कम. मग टप्प्यांची यादी, प्रत्येक टप्प्याला नाव, त्याच्या वाट्याची रक्कम आणि तो पुरा झाला की तारीख. त्याखाली पैसे चुकते केल्याच्या नोंदी. या ओळी संपल्या की खाली मोकळा मजकूर : मी कोण, आधी काय केलं आहे, आता काय करणार. प्रस्ताव वर्गणीसाठी खुला असला की फाइलीत ‘एफआर’ अशी खूण असते, काम सुरू झालं की ‘डब्ल्यूआयपी’, सगळं उरकलं की ‘सीपी’. संकेतस्थळ या फाइली वाचतं आणि पानं तयार करतं. मागचा प्रोग्राम प्रत्येक प्रस्तावाला पैसे पाठवण्यासाठी स्वतंत्र पत्ता काढून देतो आणि किती जमले ते दाखवत राहतो.

यामुळे झालं काय, तर कुणी रक्कम वाढवली, टप्पा बदलला, शब्द फिरवला, तर तो बदल कुणी, कधी आणि कुठल्या ओळीत केला ते कायमचं नोंदलं जाऊ लागलं. पूर्वी जुना मजकूर बदलून ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय होती. आता प्रस्ताव दाखल करणं म्हणजे कोड दाखल करण्यासारखंच झालं. इतरांनी वाचायचं, ओळीओळीवर शेरे मारायचे आणि अधिकार असलेल्याने तो सामील करून घ्यायचा. प्रोग्रामरच्या हाताला ही सवय होतीच. बाकीच्यांना, म्हणजे अनुवाद करणाऱ्यांना, चित्रफिती करणाऱ्यांना, संमेलन भरवणाऱ्यांना, ती लावून घ्यावी लागली. त्यांची कुरकुर रास्त होती. पोस्टर काढणाऱ्या माणसाने कोडच्या नोंदी ठेवणारं गिट का शिकावं?

इथे मतदान नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. आयआरसी आणि मॅट्रिक्स या ऑनलाइन गप्पांच्या जागांवरच्या बैठकांत प्रस्तावांवर बोलणं होतं, मतांतरं होतात, आणि बहुतेकांचा होकार आहे असं दिसलं की गाभ्यातलं पथक प्रस्ताव पुढे सरकवतं. मतदान ठेवलं असतं तर एका माणसाने शंभर टोपणनावं घेऊन शंभर मतं टाकली असती. गिटकॉइनला हा अनुभव पुरेपूर आला. इथेरियमच्या जगातल्या या व्यासपीठाने २०१९ पासून अशी पद्धत वापरली, की किती रक्कम आली यापेक्षा किती जणांनी दिली याला वजन जास्त, आणि त्या प्रमाणात मोठ्या निधीतून जोडरक्कम मिळते. कल्पना सुरेख होती. लगेच खोट्या खात्यांच्या फौजा उभ्या राहिल्या आणि खरा माणूस ओळखण्यावरच निम्मी शक्ती खर्च होऊ लागली. मोनेरोत जोडरक्कमच नसल्याने तो मोह नाही. पण ‘बहुतेकांचा होकार’ ठरवणारे कोण, ही टोचणी राहतेच, आणि नवख्याला हे सगळं ओळखीपाळखीचं प्रकरण वाटतं. ते तसं थोडंफार आहेही. ज्याने आधी फुकट काम केलं आहे त्याला वर्गणी झटकन मिळते. काल उगवलेला माणूस मोठी रक्कम मागायला लागला तर त्याचा प्रस्ताव शेऱ्यांखाली गुदमरतो.

मला हा पक्षपात मान्य आहे. नाव, गाव, पदवी काहीच विचारायचं नसेल तर केलेलं काम हीच ओळख उरते. अर्थात तीही फसवी ठरू शकते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार सापडलं, ते ठेवणाऱ्याने दोन-एक वर्षं इमानेइतबारे काम करूनच विश्वास कमावला होता.

सीसीएसच्या काळात कामांचा पसारा वाढला. साध्या संगणकावर खाणकाम करता यावं म्हणून तेव्हाडोर नावाच्या प्रोग्रामरने रचलेल्या ‘रँडमएक्स’च्या २०१९ मध्ये चार तपासण्या झाल्या आणि ३० नोव्हेंबरला ते लागू झालं. त्यातली एक तपासणी आरवीव्ह या दुसऱ्याच प्रकल्पाने स्वतःच्या पैशाने करून घेतली, कारण तेच गणित त्यांनाही हवं होतं. कोड खुला असण्याचा हाही एक फायदा. २०२० मध्ये सह्यांची नवी पद्धत आली, २०२२ मध्ये बुलेटप्रूफ्सची पुढची आवृत्ती. रकनियम नावाचा संख्याशास्त्रज्ञ मोनेरोच्या गुप्ततेतल्याच फटी शोधण्यासाठी वर्गणी घेऊ लागला आणि लोकांनी ती दिली. आपल्याच भिंतीला सुरुंग लावून बघणाऱ्याला पगार देणं, ही मला या साऱ्या वाटचालीतली सगळ्यांत प्रौढ गोष्ट वाटते.

एक जुना वाद मात्र मिटला नाही. काही प्रस्ताव ठरावीक वस्तूचे असतात, जसं पुस्तक, तपासणी किंवा एखादी सुविधा. काही नुसत्या वेळेचे असतात : तीन महिने, आठवड्याला अमुक तास, पडेल ते काम. दुसऱ्या प्रकाराला ‘हे तर पगार मागणं झालं’ म्हणून नाकं मुरडली जातात. पण आपण मागे वळून पाहिलं, तर मोनेरो उभं राहिलं ते बरंचसं याच ‘पडेल ते काम’वाल्यांच्या जिवावर. दोष दुरुस्त करणं, दुसऱ्याचा कोड वाचणं, नवी आवृत्ती बाहेर काढणं यांचे टप्पे पाडता येत नाहीत. ओपनएसएसएलच्या बाबतीत तरी वेगळं काय झालं होतं?

आता तिजोरीकडे वळू. टप्पे पुरे होईपर्यंत वर्गणी प्रकल्पाच्या वॉलेटमध्ये राहायची, हे वर आलंच. हे सीसीएस वॉलेट २०२० मध्ये एका उबुंटू संगणकावर, मोनेरोच्या नोडशेजारी उभारलं गेलं. त्याची बीजाक्षरं, म्हणजे वॉलेट उघडणारी शब्दांची माळ, फक्त दोघांकडे होती : लुइजी१११ या टोपणनावाच्या गाभ्यातल्या सदस्याकडे आणि स्पाग्नीकडे. रोजची देणी भागवण्यासाठी लुइजीच्या विंडोज संगणकावर २०१७ पासून एक छोटं चालतं वॉलेट होतं. त्यातले पैसे संपत आले की मोठ्यातून भर घालायची.

१ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या थोडं आधी मोठं वॉलेट रिकामं झालं. नऊ व्यवहारांत २,६७५.७३ मोनेरो गेले, म्हणजे होते नव्हते तेवढे. छोट्यातले सुमारे २४४ तसेच राहिले. ही गोष्ट लक्षात आली ती सप्टेंबरच्या अखेरीस, आणि लुइजीने ती जाहीर केली २ नोव्हेंबरला. त्या वेळच्या भावाने ही रक्कम साडेचार लाख डॉलरच्या आसपास होती. हे पैसे कुठल्या गुंतवणूकदाराचे नव्हते. अर्धवट झालेल्या कामांचे, पुढचा टप्पा पुरा करून घरभाडं भरू म्हणणाऱ्यांचे होते. चोर आत कसा शिरला ते सापडलेलं नाही, असं लुइजीने निवेदनात सरळ लिहिलं.

इथे मोनेरोचा स्वभावच मोनेरोच्या मुळावर आला. बिटकॉइनची वर्गणी असती तर शिल्लक कुणालाही बाहेरून दिसली असती आणि त्याच रात्री बोंब झाली असती. मोनेरोत वॉलेटची शिल्लक बाहेरच्याला दिसत नाही. नुसती पाहण्याची किल्ली दिली तरी त्यातून आलेले पैसे दिसतात, गेलेले धड कळत नाहीत. संकेतस्थळावर ‘अमुक जमले’ असे आकडे शांतपणे झळकत होते आणि त्यामागची तिजोरी रिकामी होती. कुणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून ज्यांनी गणितात आयुष्य घातलं, त्यांची वर्गणी दोन माणसांवरच्या विश्वासावर चालली होती.

एका किल्लीऐवजी अनेकांच्या सह्या लागतील असं वॉलेट का नव्हतं, हा प्रश्न तेव्हा जो-तो विचारत होता. उत्तर लाजिरवाणं पण खरं होतं : मोनेरोतली बहुस्वाक्षरीची सोय स्वतःच कच्ची होती. तिच्यात त्रुटी सापडल्यामुळे ती मुळात बंद ठेवलेली असे आणि वापरायची तर ‘प्रायोगिक’ असं लिहिलेला पर्याय हाताने सुरू करावा लागे. म्हणजे ज्या कामाला वर्गणी मिळायला हवी होती, त्याच कामाच्या अभावी वर्गणीची तिजोरी उघडी राहिली. तरीही मोठी रक्कम जाळ्यापासून तुटलेल्या संगणकावर ठेवता आली असती, शिल्लक दर महिन्याला दुसऱ्या कुणी तपासता आली असती. याला प्रगत गणित लागत नाही. लागते हिशेबनिसाची चिकाटी, आणि त्या कामासाठी वर्गणी मागायला कुणी पुढे आलं नव्हतं.

पुढे काय झालं, यावर या व्यवस्थेची परीक्षा करायला हवी. मोनेरोचा एक सर्वसाधारण निधी आहे. वर्षानुवर्षं आलेल्या खुल्या देणग्यांचा तो साठा वेगळ्या वॉलेटमध्ये होता आणि चोरीतून वाचला होता. अडकलेली सगळी देणी त्यातून भागवायची असं ठरलं. काम करणाऱ्यांचे पैसे बुडाले नाहीत. वर्गणीची व्यवस्था बंद पडेल अशी भाकितं झाली होती, ती खोटी ठरली. समन्वयाचं कंटाळवाणं काम, म्हणजे प्रस्ताव हाकणं, बैठकीत मांडणं, अहवालासाठी मागे लागणं, प्लोसॉफ नावाचा कार्यकर्ता नेटाने करत राहिला. अशी माणसं इतिहासात येत नाहीत. पण टप्पा संपल्यावर पैसे वेळेवर मिळतात ते त्यांच्यामुळे.

दरम्यान दुसरं दारही उघडलं होतं. ‘मॅजिक ग्रँट्स’ या अमेरिकेतल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने मोनेरोसाठी वेगळा निधी काढला. त्याची समिती समुदायातून निवडून येते, अमेरिकी देणगीदाराला करसवलत मिळते आणि कायद्याने हिशेब द्यावा लागतो. बिनमालकाच्या व्यवस्थेशेजारी ही मालक असलेली व्यवस्था काहींना पटली नाही. मला दोन्ही असणं बरं वाटतं. एक वॉलेट फुटलं तर दुसरं उरतं, एवढं कारणही पुरेसं आहे.

२०२४ मध्ये दोन उलट्या गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत बायनान्स या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजने मोनेरोचे व्यवहार बंद केले, नंतर युरोपात इतरांनीही हात काढून घेतला. म्हणजे वर्गणी द्यायची तर नाणं मिळवणंच अवघड झालं. आणि त्याच वर्षी मोनेरोच्या इतिहासातली बहुधा सगळ्यांत महत्त्वाकांक्षी वर्गणी यशस्वी झाली. त्या वेळी प्रत्येक व्यवहारात खरा खर्च सोळा जणांच्या घोळक्यात लपत असे. ल्यूक पार्कर या संशोधकाने मांडलेल्या ‘एफसीएमपी++’मध्ये तो साखळीवरच्या आजवरच्या सगळ्या नोंदींच्या गर्दीत लपणार आहे. त्यात नुसत्या कोडला पैसे मिळाले नाहीत. गणिताच्या सिद्धता बाहेरच्यांकडून तपासून घेण्याचा खर्चही वर्गणीतून वेगळा उचलला गेला आणि तो खर्च काम निघेल तसतसा सोडण्यात आला. बुलेटप्रूफ्सच्या वेळी पडलेली वाट आता चांगली रुळली आहे.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं काय घेण्यासारखं आहे? मोनेरो नव्हे, असं मी म्हणेन. भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. क्रिप्टोतून वर्गणी गोळा करणं वा देणं हे इथे डोकेदुखीचं काम आहे. पण फाइलीचा धडा चलनाशी बांधलेला नाही. बंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस/फंड’ जाहीर केला : जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर. त्यासाठी प्रकल्पाने आपली पैशाची गरज एका ठरावीक साच्याच्या फाइलीत लिहून आपल्याच जागेवर उघडी ठेवायची असते. काम काय, रक्कम किती, हे कुणालाही वाचता येईल असं आधी लिहून ठेवायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

पुण्या-मुंबईत मराठी टंक, शब्दशुद्धी, शब्दकोश यांवर फुकट राबणारे प्रोग्रामर आहेत. त्यांच्यासाठी कुणी वर्गणी काढणार असेल तर एवढं जरूर करावं : टप्पे लहान ठेवा, पैसे टप्प्यामागून द्या, देखभालीच्या तासांना कामच समजा आणि शिल्लक दर महिन्याला खजिनदाराशिवाय दुसऱ्या कुणाला तरी मोजू द्या.